रेव्हरंड श्वार्ट्झ आणि देवाला आवडणारा यज्ञ



तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या आगगाडीत आपण कधी बसलात, तर सुमारे पंचवीस किलोमीटरवर एक लहानसे स्टेशन आपणांस लागेल. त्याचे नाव पापनाशम्. सभोवार कावेरीच्या फाट्यांवर पोसलेली भातशेती आहे आणि गावाजवळून कुडमुरुट्टी नदी वाहते. येथील रामलिंगस्वामींच्या देवळात एकशे आठ शिवलिंगे आहेत. लंकेहून परतताना, हातून घडलेल्या हत्यांचा दोष फिटावा म्हणून रामाने ती स्थापन केली, अशी कथा तेथे सांगतात. त्याच गावातील तिरुप्पालैत्तुरै येथील शिवमंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळचे, सतराव्या शतकातले, विटांचे एक प्रचंड भातकोठार आजही उभे आहे.

एकाच गावात या दोन गोष्टी शेजारी शेजारी असाव्यात, हे मला अर्थपूर्ण वाटते. एक पापक्षमेच्या तहानेची खूण आहे, दुसरी अन्नाच्या भुकेची. माझ्या पापाचा नाश कशाने होईल, हा मनुष्याचा फार जुना प्रश्न आहे. माझ्या अर्पणाची देवाला भूक आहे काय, हा त्याच्याच पाठीला पाठ लावून येणारा दुसरा प्रश्न. आपल्या पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहिता या दोन्ही प्रश्नांना सामोरी जाते. पण आज मी आपणांपुढे स्तोत्रांचे प्रवचन मांडणार नाही. याच भातशेतीच्या मुलखात, मराठ्यांच्या राज्यात, ज्याच्या आयुष्याने त्या प्रश्नांना उत्तर दिले, अशा एका देवसेवकाचे चरित्र सांगणार आहे. त्यांचे नाव रेव्हरंड ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

आईने वाहिलेला मुलगा

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, तेव्हाच्या ब्रांडेनबुर्ग प्रांतातील सोननबुर्ग या लहान गावी झाला. हे गाव आता पोलंड देशात आहे. मूल अगदी लहान असतानाच आई वारली. मरणापूर्वी तिने आपल्या पतीला व पाळकसाहेबांना जवळ बोलावून सांगितले, की हे लेकरू मी प्रभूला वाहिले आहे. पुढे त्याच्या मनात देवसेवेची इच्छा उपजली तर तिला आड येऊ नका, असे वचनही तिने त्यांच्याकडून घेतले. हन्नेने शमुवेलाला वाहिले त्याचे स्मरण आपणांस येथे होईल. मात्र एक भेद ध्यानात घ्या. हन्नेने आपला मुलगा सेवा करताना पाहिला. या आईच्या वाट्याला ते सुख आले नाही.

१७४६ साली तरुण श्वार्ट्झ हाले येथील विद्यापीठात दाखल झाले. हे त्या काळी जर्मनीतील भक्तिजागृतीचे मोठे केंद्र होते. तेथे हिंदुस्थानातून परतलेले वृद्ध मिशनरी बेंजामिन शुल्ट्झे तामिळ पवित्र शास्त्राच्या छपाईच्या खटपटीत होते. त्या कामात मदत व्हावी म्हणून श्वार्ट्झ तामिळ शिकू लागले. शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार जिव्हाळ्याची वाटते. मुद्रिते वाचण्यासाठी शिकलेली भाषाच त्यांना देवाचे पाचारण ठरली. १७४९ साली कोपनहेगन येथे त्यांची दीक्षा झाली आणि १७५० सालच्या जुलै महिन्यात ते तरंगमबाडीस पोहोचले. चार महिन्यांच्या आतच, त्सीगेनबाल्ग यांनी बांधलेल्या मंदिरात त्यांनी तामिळ भाषेत पहिला उपदेश केला. त्यानंतरची अठ्ठेचाळीस वर्षे ते याच भूमीत राहिले. त्यांनी लग्न केले नाही आणि मायदेशी ते पुन्हा कधी परतले नाहीत.

मराठ्यांच्या राजधानीत

तंजावरला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी मराठ्यांची गादी स्थापली, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या गादीवरील तुळजाजी राजांची आणि श्वार्ट्झ यांची भेट १७६९ साली झाली. प्रजा तामिळ बोलत होती, पण राजघराण्याची भाषा मराठी होती. राजाच्या मनाशी त्याच्याच भाषेत बोलता यावे म्हणून श्वार्ट्झ यांनी मराठीचाही अभ्यास केला. म्हणजे वाचकहो, विल्यम केरी यांनी बंगालच्या भूमीवर पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी, कावेरीच्या काठी एक जर्मन मिशनरी आपल्या मायबोलीत ख्रिस्ताविषयी बोलत होता.

प्रथम काही वर्षे तिरुचिरापल्ली हे त्यांचे ठाणे होते. १७७८ साली ते तंजावरला कायमचे राहावयास आले आणि पुढल्याच वर्षी तेथील किल्ल्यातील शिवगंगा बागेजवळ मंदिर उभे राहिले. त्यांच्या राहणीचे वर्णन वाचले म्हणजे मन खाली पाहू लागते. एका जुन्या इमारतीतील एकच खोली, काळ्या रंगात रंगवलेल्या साध्या कापडाचा अंगरखा आणि भात-भाजीचे जेवण. सकाळी प्रार्थना करून ते आपल्या देशी उपदेशकांना खेड्यापाड्यांत पाठवीत. सायंकाळी ते परतले की दिवसभराचा वृत्तांत ऐकून घेत आणि मग पुन्हा प्रार्थना होई. त्यांची उपासना रविवारच्या घंटेपुरती नव्हती. ती दिवसाच्या दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवलेली असे.

१७७९ साली मद्रासच्या गव्हर्नरांनी त्यांना हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास पाठविले. इंग्रजांविषयी ज्याच्या मनात खोल संशय होता, त्या हैदराने या मनुष्यावर विश्वास ठेवला. वाटखर्चासाठी म्हणून त्याने तीनशे रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झ यांनी ती मद्रास सरकारच्या स्वाधीन केली. ती तुम्हीच ठेवा, असे सरकारने कळविले, तेव्हा त्यांनी ती रक्कम तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेसाठी लावून दिली.

कोरा कागद

पुढल्याच वर्षी युद्ध पेटले. हैदरअलीच्या फौजांनी कर्नाटक प्रांत जाळला आणि हजारो भुकेली माणसे तंजावरच्या किल्ल्यात शिरली. श्वार्ट्झ यांनी तांदूळ स्वस्त असतानाच पुष्कळसा विकत घेऊन ठेवला होता. त्यातून ते गोरगरिबांना अन्न देत राहिले. पण किल्ल्यातील शिपाईसुद्धा उपासमारीने रस्त्यावर कोसळू लागले. मुलखात भात नव्हते असे नाही. भात होते, पण ते आणून घालण्यास शेतकरी तयार नव्हते. पूर्वी त्यांचे धान्य व बैल नेले गेले होते आणि मोबदला मिळाला नव्हता. राजाचा शब्द आणि कंपनी सरकारचा शब्द, दोन्ही त्यांच्या लेखी संपले होते.

तेव्हा तुळजाजी राजांनी श्वार्ट्झ यांच्याकडे एक कोरा कागद पाठविला. लोकांशी जो करार करावयाचा तो तुम्हीच करा, असा त्याचा अर्थ होता. श्वार्ट्झ यांनी आपली माणसे खेड्यापाड्यांत पाठविली आणि मोबदला मी माझ्या हाताने देईन असे सांगितले. एक-दोन दिवसांत एक हजार बैल आले आणि थोड्याच काळात ऐंशी हजार कलम भात किल्ल्यात पोहोचले. संकट टळल्यावर त्यांनी प्रत्येकाचा पैसा चुकता केला. हाती असलेले पैसे पुरेनात, तेव्हा दुसऱ्यांनी आपल्याकडे ठेवलेल्या रकमेतूनही दिले आणि वर लहानशी भेट देऊन लोकांना घरी पाठविले.

येथे क्षणभर थांबून आपले शास्त्र उघडा आणि स्तोत्र ५० वाचा. देव तेथे आपल्या लोकांचा न्याय करावयास बसला आहे. त्यांचे यज्ञ कमी पडले, अशी त्याची तक्रार नाही. हजार डोंगरांवर चरणारी गुरे माझीच आहेत, मला भूक लागली तरी मी तुमच्याकडे मागणार नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. मग त्याला हवे तरी काय? त्याच स्तोत्रात उत्तर आहे: उपकारस्तुतीचा यज्ञ आणि नवस फेडणे, म्हणजे दिलेला शब्द पाळणे. मूळ इब्री भाषेत या उपकारस्तुतीला ‘तोदा’ असा शब्द आहे. आपल्याला मिळालेले देवाचे उपकार उघडपणे कबूल करणे, असा त्याचा गाभा आहे. स्तोत्र १५ तर परमेश्वराच्या मंडपात कोण राहील असा प्रश्न विचारते, आणि उत्तरात होमबलीचा उल्लेखही करीत नाही. स्वतःचे नुकसान झाले तरी जो वाहिलेली शपथ मोडीत नाही, त्याचे नाव तेथे आहे.

हजार डोंगरांवरची गुरे ज्याची आहेत, त्या देवाला बैल नको होते. परंतु भुकेल्या तंजावरला ते हवे होते, आणि ते आले एका माणसाच्या शब्दावर. श्वार्ट्झ यांचा शब्द हेच त्या दिवशीचे अर्पण होते. असा शब्द एका दिवसात तयार होत नाही. ज्याने तीनशे रुपयांची थैली आपली म्हटली नाही, त्याच्याच हाती कोरा कागद सोपविला जातो.

पुढे काही वर्षांनी अधिकाऱ्यांच्या जुलमाने गांजून शेतकरी गावे सोडून पळाले आणि ऐन हंगामात शेते ओस पडली. तेव्हाही सरकारने श्वार्ट्झ यांनाच पुढे केले. त्यांच्या आश्वासनावर एका दिवसात सात हजार माणसे परतली आणि गेलेला वेळ भरून काढण्यासाठी रात्रंदिवस राबू लागली.

चुकलेला सल्ला

वाचकहो, येथवरचे चरित्र एखाद्या निष्कलंक संताचे वाटेल. पण ज्याला स्तोत्रे समजून घ्यावयाची आहेत, त्याने मनुष्याची चूकही पाहिली पाहिजे.

तुळजाजी राजांचा एकुलता मुलगा, मुलगी आणि नातू असे सारे मृत्यूने हिरावून नेले होते. १७८७ साली, स्वतः मरणाच्या दारी असता, त्यांनी घराण्यातील एक सुमारे दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच पुढे सरफोजी राजे म्हणून प्रसिद्ध झाले. राजांनी हा मुलगा श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन करावयाचे ठरविले. श्वार्ट्झ यांनी नम्रपणे नकार दिला. दरबारातील कारस्थानांत मुलाचे रक्षण करणे एका पाळकाच्या शक्तीबाहेरचे आहे असे त्यांना वाटले. राजाचे बंधू अमरसिंह यांना पालक नेमावे, असा सल्ला त्यांनी दिला.

सल्ला शहाणपणाचा दिसत होता, पण तो चुकला. राजांच्या मृत्यूनंतर अमरसिंहांनी गादीवरच हक्क सांगितला. बारा शास्त्र्यांनी दत्तक अशास्त्र ठरविले, मद्रासच्या गव्हर्नरांनी ते मानले आणि अमरसिंह राजे झाले. लहान सरफोजीला अंधाऱ्या जागेत कोंडल्यासारखे ठेवण्यात आले आणि त्याचे शिक्षण थांबले.

अशा वेळी स्वतःला निर्दोष ठरविणे सोपे असते. मी केवळ सल्ला दिला, निर्णय दुसऱ्यांचा होता, असे म्हणता येते. श्वार्ट्झ यांनी तो मार्ग धरला नाही. आधी जो भार त्यांनी नाकारला होता, तोच आता खांद्यावर घेतला. मद्रास सरकारकडे पुन्हा पुन्हा दाद मागून त्यांनी मुलाला उजेडात आणविले आणि त्याच्यासाठी शिक्षक मिळविला. तंजावरात त्याच्या जिवाला धोका दिसू लागला, तेव्हा १७९३ साली त्याला व तुळजाजींच्या विधवा राण्यांना मद्रासला सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आले. तेथे मिशनरी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. दत्तकाचा प्रश्नही पुन्हा उघडला गेला, निरनिराळ्या ठिकाणच्या पंडितांची मते मागविली गेली आणि अखेर १७९८ साली सरफोजी राजे गादीवर बसले.

आता स्तोत्र ५१ उघडा. दाविदाच्या हातून व्यभिचार घडला होता आणि खून घडला होता. मोशेच्या नियमशास्त्रात अशा जाणूनबुजून केलेल्या पापासाठी कोणताही पशुयज्ञ सांगितलेला नाही. म्हणून दाविदापुढे वेदीकडे जाण्याची वाटच उरली नव्हती. तो थेट देवाच्या दयेकडे धावतो आणि तीन क्रियापदे वापरतो. पहिले लिहिलेले पुसून टाकण्याचे, तिसरे शुद्ध करण्याचे. मधले क्रियापद कपडे धुण्याचे आहे, आणि तेही नुसते पाण्यातून काढण्याचे नव्हे, तर धोबी जसा मळकट कपडा तुडवून धुतो तसे धुण्याचे. या शब्दापाशी भाषांतरकाराची लेखणी अडखळते; कारण मराठीत केवळ ‘धू’ म्हटले की त्यातले तुडविणे हरवते. क्षमा मागणारा दाविद सौम्य वागणूक मागत नाही. मला तुडवावे लागले तरी तुडव, पण स्वच्छ कर, असे तो म्हणतो.

आणि मग क्रम पाहा. भग्न व अनुतापी हृदय हाच देवाला मान्य होणारा यज्ञ, असे म्हटल्यानंतर स्तोत्राच्या अगदी शेवटी होमबली आणि गोऱ्हे पुन्हा येतात. देव त्यांचा तिरस्कार करीत नाही. पण ते आधी येत नाहीत, नंतर येतात. अर्पण ही क्षमेची किंमत नव्हे; अर्पण हे क्षमेचे फळ होय. स्तोत्र ३२ मध्ये धन्य म्हटलेल्या मनुष्याने काही वाहिले, असे तेथे सांगितलेले नाही. त्याच्या अपराधाचे ओझे उचलले गेले आहे, पाप झाकले गेले आहे आणि अधर्माचा हिशेब देवाने मांडलेला नाही. हे सारे देवाने केले. त्या मनुष्याने केले ते इतकेच, की आपले पाप लपवून ठेवले नाही.

श्वार्ट्झ यांनी सरफोजीसाठी पुढे जी खटपट केली, ती याच प्रकाशात मला दिसते. जो आपले तारण स्वतःच्या निर्दोषपणावर टेकवून उभा असतो, तो चूक कबूल करू शकत नाही. कारण चूक कबूल केली की त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. ज्याचे पाय देवाच्या क्षमेवर आहेत, त्याला चुकलेल्या ठिकाणी परत जाता येते आणि दुरुस्तीचा भार उचलता येतो.

एक उणीव आणखी सांगितली पाहिजे. तंजावरच्या मंडळीत निरनिराळ्या जातींचे लोक एकाच छपराखाली बसत, पण वेगवेगळ्या बाजूंना. श्वार्ट्झ यांनी ही रीत सक्तीने मोडली नाही. काळाने ती झिजेल अशी वाट पाहिली. ती झिजली नाही. १८३३ साली बिशप डॅनिएल विल्सन यांनी मंडळीतून जातिभेद काढण्याचा हुकूम केला, तेव्हा तंजावरात मोठी फूट पडली. उपकारस्तुतीच्या यज्ञाचे मांस इस्राएलात सर्वांनी एकत्र बसून खावयाचे असे. भोजनाची पंगत जेथे तुटते, तेथे अर्पणही अपुरे राहते. आपल्या महाराष्ट्रातील मंडळ्यांनी हे वाचून तंजावरकडे बोट दाखवू नये; आपापल्या पंगतीकडे पाहावे.

शेवटचे गीत

१७९७ सालच्या अखेरीस श्वार्ट्झ अंथरुणास खिळले. सरफोजी त्यांच्या भेटीस आले. प्रजेला न्यायाने वागवा आणि ख्रिस्ती लोकांवरही कृपादृष्टी ठेवा, असा बोध त्यांनी त्या तरुणाला केला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी त्यांचे देहावसान झाले. असे सांगतात, की प्राण गेला असे समजून सहकाऱ्यांनी त्यांचे आवडते गीत म्हणावयास सुरुवात केली, तेव्हा त्या निश्चेष्ट दिसणाऱ्या ओठांतून तेच सूर पुन्हा उमटले.

सरफोजी राजांनी स्वतः येऊन त्यांच्या देहावर जरीचे वस्त्र पांघरले. पुढे समाधीच्या शिळेसाठी त्यांनी इंग्रजी भाषेत स्वतः काव्य रचले आणि जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून आणून तंजावरच्या मंदिरात बसविले. त्यात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ यांचा हात सरफोजींनी हाती धरला आहे. हे राजे ख्रिस्ती झाले नाहीत. आपल्या पूर्वजांच्या धर्मातच राहिले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी भरभराटीस आणले आणि आपल्या छापखान्यात देवनागरी लिपीत मराठी पुस्तक छापविले. श्वार्ट्झ यांनीच लहानपणी तंजावरला आणून वाढविलेले वेदनायगम शास्त्री याच राजाच्या आश्रयाने नावाजलेले कवी झाले, आणि त्यांची ख्रिस्ती गीते तामिळ मंडळ्या आजही गातात. एका अर्पणातून किती झरे फुटले, ते पाहा.

वाचकहो, आता पापनाशम् स्टेशनावर परत या. त्या गावाच्या नावातील आस खोटी नाही. आपल्या पापाचा नाश व्हावा असे ज्याला वाटते, त्याला हसू नका. त्याच्या ठायी दाविदाच्या प्रार्थनेची पहिली ओळ उमटली आहे. पण त्याला उत्तर देताना आपण सावध असावे. आपणही नकळत देवाशी सौदा करीत नाही ना? इतके उपास, इतकी वर्गणी, इतकी वर्षे मंडळीची सेवा, आणि मग क्षमा, असा उलटा क्रम आपणही लावीत नाही ना? स्तोत्र ४० मध्ये, देवाने यज्ञ मागितला नाही, तर ऐकणारे कान दिले, असे म्हणणारा एक सेवक देवाची इच्छा पूर्ण करण्यास पुढे येतो. इब्री लोकांस पत्र हे वचन प्रभू येशू ख्रिस्ताच्या ठायी पूर्ण झालेले पाहते. आपल्या क्षमेसाठी लागणारे अर्पण वधस्तंभावर एकदाच आणि पुरेपूर झाले आहे. त्यात आपल्याला भर घालावयाची नाही.

आपल्याला करावयाचे ते दुसरेच आहे. आज कोणाला दिलेला शब्द आपण राखिला नाही? कोणता सल्ला चुकला, आणि ज्याला त्याची झळ लागली त्याच्या दाराशी जाण्यास आपण अजून कचरत आहोत? क्षमा मिळाली आहे, म्हणूनच तेथे जाता येते. भग्न हृदय घेऊन देवाजवळ जा आणि राखलेला शब्द घेऊन शेजाऱ्याजवळ जा. हजार डोंगरांवरची गुरे ज्याची आहेत, त्याला आपल्याकडून हेच अर्पण हवे आहे. आपली आयुष्ये त्याच्या हाती कोऱ्या कागदासारखी सोपविण्यास त्याने आपणां सर्वांना कृपा पुरवावी. आमेन.